शाळेचा रुमाल, घरचा रुमाल

जगातल्या बहुतेक अडचणी माणसांजवळ स्वच्छ, घडी घातलेला रुमाल नसल्यामुळे उद्भवतात, असं ठाम मत असलेली एकच व्यक्ती मला ठाऊक आहे: सदरमधल्या कॉन्व्हेंटात माझ्या मुलीला पहिलीला शिकवणाऱ्या सिस्टर. त्यांच्या कमरपट्ट्याला सेफ्टी पिनांची एक रांगच असे. सकाळी फाटकाशी उभ्या राहून त्या प्रत्येक मुलाच्या छातीवरचा रुमाल तपासत. ज्याचा नसेल त्याने इतरांची एक कविता म्हणून होईपर्यंत खिडकीपाशी उभं राहायचं, हा वर्गाचा कायदा. एकदा हिंगण्याच्या कंपनीत पहिल्या पाळीला निघालेल्या एका बापाने मुलीचं नाक स्वतःच्या बाहीला पुसलं. सिस्टरांनी त्याच्याच शर्टाला रुमाल टाचला. तो गृहस्थ दिवसभर कंपनीत तसाच वावरला म्हणतात. पिन काढायची त्याची हिंमत झाली नाही.

सिस्टर मूळच्या केरळच्या, पण उमेदीची वर्षं कन्हानला गेल्यामुळे त्यांचं मराठी अस्सल इकडचं. शाळेत इंग्रजीच बोला, असा मुख्याध्यापिकांचा आग्रह असे. त्यावर यांचं म्हणणं, "रडणाऱ्या लेकराले इंग्रजी समजते काय?" सकाळच्या प्रार्थनेत कुणासाठी मागायचं, हे त्या मुलांनाच विचारत आणि कुणालाही नाही म्हणत नसत. आजारी बकरी, हरवलेलं खोडरबर, कुणाच्या काकांची पंक्चर झालेली स्कूटी, सगळ्यांसाठी त्या तितक्याच गंभीरपणे डोळे मिटत.

माझी मुलगी पहिलीत गेली तेव्हा तिची आई जाऊन तीन महिने झाले होते. घरी ती माझ्याशी थोडं बोले, शाळेत अजिबात नाही. दिवाळीपूर्वीच्या तोंडी परीक्षेत बोलली नाही तर तिला पुन्हा केजीत बसवावं लागेल, असं मुख्याध्यापिकांनी मला सौम्यपणे सांगितलं होतं. त्यात तिने छातीवर आईच्या पर्समधला निळ्या काठाचा रुमाल लावलेला, आणि तो ती धुवू देत नसे. पहिल्या दिवशी फाटकाशी सिस्टरांनी तो उचलून पाहिला.

"हा धुतला काहून नाही, भाऊ?"

"तिच्या आईचा आहे," मी हळू आवाजात म्हणालो. "आई आता नाही."

 सिस्टरांनी गुडघ्यावर बसून तो रुमाल काढला, गणवेशाच्या पिनाफोरच्या आतल्या बाजूने टाचला आणि वर आपल्या झोळीतला एक पांढरा रुमाल लावला. "हे पाह्य वं, बेटा. एक शाळेचा, एक घरचा. शाळेचा मी रोज पाहीन. घरचा पाहणार नाही."

त्यानंतर चार महिने त्यांनी तिला एकही प्रश्न विचारला नाही. फक्त मधल्या सुट्टीची घंटा तिच्या हाती दिली. मी मात्र रोज काळजीत.

परीक्षेच्या आठवड्यात एक दिवस त्यांनी आपल्या छातीवरचा रुमाल एका रडणाऱ्या मुलीला दिला आणि तशाच वर्गासमोर उभ्या राहिल्या. माझी मुलगी जागेवरून उठून म्हणाली, "सिस्टर, तुमचा रुमाल कुठे आहे?"

सिस्टर मुकाट्याने खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची शिक्षा पुरी व्हावी म्हणून माझ्या मुलीने अख्खी कविता म्हटली, एकटीने, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तेवढ्यात मुख्याध्यापिका दारात आल्या. त्यांना सिस्टर खिडकीपासूनच म्हणाल्या, "पोरगी तोंडीत पास. मी नापास."

संध्याकाळी मला हे सांगताना त्या हसत होत्या. छातीवर माझ्या मुलीचा पांढरा रुमाल होता.

या उन्हाळ्यात सिस्टरांची बदली पुन्हा कन्हानला झाली. फाटकाशी आता दुसऱ्या सिस्टर असतात. त्या मुलांच्या रुमालांकडे बघत नाहीत, आणि मला उगीच चुकल्यासारखं होतं. मुलगी दुसरीत आहे. वर्गात फार बोलते, अशी तक्रार परवाच आली. रविवारी आम्ही सिस्टरांना भेटायला कन्हानला जाणार होतो. शनिवारी दुपारी ती निळ्या काठाचा रुमाल घेऊन माझ्यापाशी आली.

"पप्पा, हा धुवून द्या."

"सिस्टर घरचा कुठे बघतात?"

"मी दाखवणार आहे."

मी नळापाशी बसलो. साबण लावण्याआधी तो रुमाल एकदा नाकाशी धरला. ती शेजारी उभी होती, हातात पिन घेऊन.