टाचेने बांध तपासणारे भाऊसाहेब

बांधावर पोचले की भाऊसाहेब आधी वहाणा काढून काखेत मारायचे. डोक्याला रुमाल, अंगात लांब कोट आणि खाली अनवाणी पाय! उरणकडच्या भातशेतीत दर्या शिरू नये म्हणून जे सरकारी बांध होते, त्यांच्या दुरुस्तीचं काम कंत्राटदार घेत आणि ते पसंत-नापसंत करणारे ओव्हरसियर म्हणजे आमचे भाऊसाहेब. कंत्राटदार वरच्या साहेबाच्या सहीपेक्षा त्यांच्या टाचेला जास्त भीत.

काम वाईट निघालं तर नोटीस नंतर. आधी कंत्राटदाराला हाताला धरून बांधावर न्यायचं आणि भुसभुशीत जागी उभं करायचं. "काय वाटतं पायाला?" एवढंच विचारत. तो पाय उपसत पुटपुटे, "भरतो पुन्हा." निम्मी भांडणं तिथंच मिटत. "कागदाला खारं पाणी लागत नाही हो, शेताला लागतं," असं ते आम्हाला बजावत.

आम्ही म्हणजे मी. एकोणीसशे तेवीस-चोवीस सालची गोष्ट. पुण्याहून परीक्षा देऊन आलेला, बांधाचा उतार कोनात सांगणारा, आणि खारफुटीत पहिल्याच दिवशी कमरेपर्यंत रुतलेला. मला ओढून काढताना भाऊसाहेब म्हणाले होते, "खोली मोजलीत, छान झालं."

त्या वैशाखात त्यांना हिवतापानं धरलं. एका बांधाचं काम संपलं होतं, पावसाळा तोंडावर होता. "तुम्ही जा," कांबळ्यातून ते म्हणाले. "बूट काढा, मधला तुकडा सावकाश चाला. तुमच्या शब्दावर सही करतो."

गेलो. कंत्राटदारानं शहाळं दिलं, "इंजिनिअरसाहेब" म्हटलं. गावकरी बघत होते. बूट काढायला वाकलो आणि आठवलं, मोज्यातून अंगठा बाहेर आलाय. झालं! टेप काढली, लांबी-रुंदी मोजली आणि रुबाबात परत फिरलो. गोमा नावाचा शेतकरी मागून आला. "सायेब, मदी जरा बगा. आत गवत जास्ती नं माती कमी भरलीय."

"माप बरोबर आहे," मी म्हणालो.

भाऊसाहेबांना म्हणालो, "चालून पाहिला. पक्का आहे." त्यांनी पडल्या पडल्याच सही केली.

आषाढातल्या उधाणात बांध बरोबर मध्येच फुटला आणि खारं पाणी गोमाच्या शेतात शिरलं. गोमा बांधाच्या टोकावर उभा होता. "आता तीन वर्सं मीठच खावाचा, सायेब," तो म्हणाला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

अलिबागला चौकशी झाली. कंत्राटदारानं कागद पुढे केला. "काम पसंत आहे असं लिहून दिलंय, साहेब. आता दर्या काय माझ्या हुकमात आहे?"

"बांध कोणी पाहिला?" चौकशी करणाऱ्या साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या बेतात होतो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो.

"सही माझी आहे. मीच पाहिला," भाऊसाहेब म्हणाले.

कंत्राटदार सुटला. भाऊसाहेबांना मुदतीआधीच घरी बसवलं. कचेरीच्या पायऱ्यांवर मी काही बोलू पाहिलं, तर म्हणाले, "तुमची नोकरी अजून उभी राहायचीय. आता गोमाच्या बांधाचं बघा. यंदा भरून घ्या, माझ्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी." आणि पालीला, आपल्या गावी, निघून गेले.

बांध मी भरून घेतला. चौथ्या वर्षी शेत पिकलं. गोमानं नव्या भाताचे पोहे फडक्यात बांधून माझ्या हाती दिले. "भाऊसायबांना पोचवा."

पालीला गेलो तेव्हा त्यांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, गाठोडं सोडलं, पोह्यांना हात लावला. मग म्हणाल्या, "शेवटपर्यंत एकच घोकत होते. 'त्या दिवशी मी तो बांध नीट चाललो असतो तर...'"

म्हणजे घरीसुद्धा त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं.

"तुम्ही त्यांच्या हाताखाली होतात ना? लांबून आलात, खाऊन जा," म्हणत त्यांनी त्याच पोह्यांवर दूध-गूळ घालून वाटी पुढे ठेवली.

खरं सांगायला आता कोणाचीच आडकाठी नव्हती. मी मान खाली घालून वाटी संपवली.