महिला सभेतलं माझं भाषण

हसाचं असन तर आताच हसून घ्या, बाप्पा! पुढं हसू येईलच असं नाही.

आमच्या गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं अन् माझी बायको वनिता निवडून आली. आली कायची, मी आणली, असं मीच सांगत फिरायचो! सही तिची, बाकी कारभार माझा. साकोलीच्या बाजारात कोणी "सरपंच!" म्हटलं, का मान माझी वळे.

एक दिवस तालुक्याच्या ऑफिसातून फोन आला. "सरपंच काय?"

"बोला ना!"

"उद्या अकराले तुमच्या गावात सभा. नवीन मॅडम येऊन राहिल्या."

कोणती सभा, हे विचारतो कोण?

दुसऱ्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून थेट खुर्चीवर बसलो. समोर पाहतो तं बायाच बाया! म्हटलं, माणसं पानठेल्यावर अटकली असतील. अन् केलं ना भाषण सुरू! "गावाच्या तोंडाशी अशी कमान बांधू, का भंडाऱ्याहून लोक पाहाले येतील!"

टाळी एक नाही.

तेवढ्यात मॅडम आल्या. "सरपंच कोण?"

"मीच!"

त्यांनी रजिस्टर पाहिलं. "वनिताताई तुम्हीच का?"

काय हसल्या बाया! "भाऊ, आज महिला सभा आहे," मॅडम म्हणाल्या.

मी उठलो. तं मागच्या रांगेतून वनिता उभी झाली. मले वाटे, ते घरी रांधून राहिली.

"मॅडम, कमान नाही पायजे. तलावाच्या पाळीखालच्या घरांले नळ पायजे. बाया पाण्यानं भरलेले गुंड डोक्यावर घेऊन पाळ चढतात. पावसाळ्यात हे माझ्या बाजूची शेवंता घसरली. सातवा महिना होता. लेकरू गेलं तिचं." मंग हळूच म्हणाली, "मी घरी तीनदा सांगतलं."

खरंच सांगतलं होतं. दोनदा मी जेवत होतो, एकदा फोनवर होतो.

आता कोणी हसत नव्हतं.

"नळ पायजे त्यानं हात वर करा," मॅडम म्हणाल्या. सारे हात वर गेले. माझाही गेला, अगदी मनापासून! मॅडम मोजत मोजत माझ्यापाशी थांबल्या.

"भाऊ, तुमचा हात मोजता येत नाही."

"काहून?"

"इथं मत बायांचं."

वनिता माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "हात मोकळाच आहे, तं सभा झाल्यावर सतरंजी गुंडाळून घ्या."

गुंडाळाले गेलो. एवढी भाषणं ठोकणारा मी, पण सतरंजी काही सरळ होईना! एक टोक ओढलं का दुसरं वाकडं. शेवटी शेवंता आली, दुसरं टोक धरलं अन् म्हणाली, "सोडा भाऊ, तुमाले नाही जमत."