समोर बसलेली गैरहजर मुलगी

माझ्या मुलीला ऐकू येत नव्हते. सातव्या वर्षी गावच्या शाळेत तिचे नाव घातले, आणि रोज वर्गात बसूनही ती रोज गैरहजर राहिली. गुरुजी हजेरीच्या वहीतून मान वर न करता नावे पुकारीत. उत्तर आवाजानेच यावे लागे. शेजारच्या मुलीने कोपराने ढोसले की ही हात उंच करी. त्या हाताची नोंद कुठेच होत नसे.

सत्तरचे दशक सरत आले होते. भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाला अशा मुलांची शाळा म्हणजे नागपूर, आणि नागपूर म्हणजे वसतिगृह. तिच्या हातांची भाषा जगात फक्त मला येत होती. पाणी, ताप, बगळा, भीती... एकेक शब्द आम्ही दोघींनी चुलीच्या धुरात, उकडत्या धानाच्या वासात, बोटांनी घडवला होता. तिला मी कुणाच्या हाती देणार होते?

विनवण्या करून थकले, तेव्हा मी चित्र काढले. महिला मंडळाच्या हस्तलिखित अंकात मी एरवी कविता देत असे. त्या वर्षी व्यंगचित्र दिले. वही काखोटीला मारून लांबलचक नाकाचे गुरुजी खिडकीतून दुर्बिणीने तळ्यापलीकडे विद्यार्थिनी शोधताहेत, आणि ती त्यांच्याच पायाशी, तरटावर, हात वर करून बसली आहे. खाली एकच शब्द : ‘गैरहजर!’

हळदीकुंकवाला अंक हातोहात फिरला. गुलाबपाण्याच्या गारव्यात हशा फुटत गेला. सर्वांत मोठ्याने गुरुजींची पत्नी हसली.

“अवो बाई, आमच्या यायचंच नाक काढलं न तुम्ही! थांबा, दाखवतोच यायले.”

मला तेच हवे होते.

दोन दिवसांनी गुरुजींनी बोलावले. शाळेचे मुख्याध्यापकही तेच. चित्र टेबलावर होते आणि ते डोळे पुसत हसत होते.

“काय हात आहे हो बाई तुमचा! गॅदरिंगच्या अंकात टाकू आपण हे.”

“गुरुजी, ती रोज येते.”

“येते न. मी कुठं नाई म्हणतो? पण वहीत नाई न येत. वरचे सायेब वही पायतात बाई, पोरीले नाई पायत.” मग आवाज मऊ करून म्हणाले, “सतत गैरहजर, म्हणून नाव कमी करा लागलं. नागपूरले टाका तिले.”

शाईचा ओला वास येत होता. वहीत तिच्या नावावर रेघ नुकतीच मारलेली होती. त्यांना राग आला असता तर मी भांडले असते. त्या निर्मळ हसण्याशी कसे भांडणार? मी घरची वाट धरली.

सकाळी ती गणवेश घालून, पाटी घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. ‘नाव कमी केले’ याला आमच्या बोटांत शब्द नव्हता. मी पाटी घेतली. शाळा काढली, बंद दार काढले, दाराबाहेर तिला काढले, दारात गुरुजी काढले. सवयीने त्यांचे नाक लांबलेच.

तिने पाटी पाहिली आणि ती हसली. स्वतःलाच कधी ऐकू न आलेले ते फुटके, मोकळे हसू. मग माझ्या पदराच्या टोकाने चित्र पुसून तिने पाटी दप्तरात ठेवली, माझे बोट धरले, आणि उशीर होतो आहे अशा घाईने मला शाळेच्या वाटेकडे ओढू लागली.