शिळी सुरमई

हेमाताईंनी फायबरच्या सुरमईचं पोट अंगठ्याने दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "शिली हाय."

हा प्रकार आसनगावच्या माझ्या शेडमध्ये झाला. पुतळा दहा फुटी, हातात सुरमई उंच धरलेल्या कोळणीचा. समुद्राकाठच्या एका कोळीवाड्याच्या वेशीवर तो बसायचा होता. हेमाताई त्या गावच्या समितीच्या प्रमुख. त्यांनी पसंत केल्याशिवाय पुतळा शेडबाहेर जाणार नव्हता आणि उद्घाटन पंधरा दिवसांवर आलेलं. मी आजवर देवळांच्या कमानी आणि हॉटेलांचे मोर केलेले. एखादं गाव आपलं म्हणेल असं हे पहिलंच काम.

"ताई, फायबरची आहे ती."

"त्ये मला पन कलतं. डोला बघ, आत गेलाय. शेपटी लोंबतेय. ताजी सुरमय ताठ र्‍हाते."

आम्ही मूर्ती हाताने घडवत नाही. माणसाभोवती स्कॅनर फिरवतो, की कॉम्प्युटरला हुबेहूब आकार मिळतो. तो मोठा करून मशीन थर्माकोलमधून कोरते आणि वर फायबर चढतं.

"मिलिमीटरही चुकत नाही," मी ऐटीत सांगितलं.

"मंग शिली पन तशीच उतरली."

खरं होतं. सुरमई शहापूरच्या बाजारातली, बर्फात किती दिवस होती देव जाणे. स्कॅनसाठी ती धरून उभ्या होत्या सापगावच्या सुमनवहिनी, आमच्या शेजारच्या, भातशेतीवाल्या. माझं लायटिंग अर्धा दिवस चाललं. "भाऊ, वास मारते ही. आटपा," असं त्या तीनदा म्हणाल्या. मी म्हटलं, स्कॅनला वास येत नाही.

"डोळ्याला पुट्टी भरून फुगवतो," मी तोडगा काढला.

"रंगवून मावरा इकायचा धंदा आमचा नाय." हेमाताईंचा आवाज उतरला. "आमची आय जनमभर बाजारान बसली. कधी शिली इकली नाय. तिला तुमी वेशीवर शिली घेऊन उभी करताव?"

मला लाज वाटली. ताज्या माशाचा नवा स्कॅन करतो, म्हटलं.

दोन दिवसांनी पहाटे स्कॅनर घेऊन मी त्यांच्या धक्क्यावर हजर. बोट लागली. हेमाताईंनी दोन सुरमया नापसंत केल्या, तिसरी माझ्यापुढे धरली. ताठ, काठीसारखी. शेडमध्ये येऊन फक्त मासा नव्याने कोरला आणि जुन्या मुठीत बसवला.

पुन्हा तपासणी झाली. हेमाताईंनी डोळा बघितला, पोट दाबलं.

"आता ताजी हाय."

मी श्वास सोडला. त्या मात्र पुतळ्याच्या मुठीकडे बघत राहिल्या.

"ही बाय कोलीन नाय. भाताच्या रोपांची मूठ धरावी तशी धरलेय."

मी खाली बघितलं. वहिनींनी जन्मभर आवणीच, म्हणजे भाताची लावणीच केलेली. आता पुन्हा स्कॅन म्हणजे उद्घाटन हुकलंच.

"र्‍हाऊ दे," हेमाताई म्हणाल्या. "गावान सून म्हनून आली आसंल. शिकंल."

मशीन चुकत नाही, हे मी आता कोणाला ऐटीत सांगत नाही. सुमनवहिनींना मात्र सांगितलं, की त्यांना दुसरं सासर मिळालंय.