फर्दापूरचे दगड आणि फोनवरचं दुकान

माझ्या सासऱ्यांनी सगळी हयात दगड विकले. आमच्याकडं सासऱ्याला मामाच म्हणतात, म्हणून मीही इथं मामाच म्हणते. फर्दापूरला, अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्या गाड्या जिथं थांबतात तिथं, त्यांचं पत्र्याचं छोटं दुकान. दगड म्हणजे रस्त्यावरचे नव्हेत. आमच्या भागात विहीर खणताना, खडीच्या खाणीत, काळ्या पत्थराच्या पोटात गोळे सापडतात. बाहेरून एखाद्या मातकट बटाट्यासारखे ओबडधोबड. फोडले तर आत पोकळी, आणि त्या पोकळीच्या भिंतींवर स्फटिक उगवलेले असतात. पांढरे, फिकट हिरवे, क्वचित मधाच्या रंगाचे. गाववाले त्यांना सरसकट गारगोटी म्हणतात.

मी शहरात, उस्मानपुऱ्यात वाढलेली. लग्नाआधी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. नवरा वाळूजच्या कारखान्यात, आमची भाड्याची खोली शहरातच, गारखेड्याला. सासूबाई गेल्यानंतर मामा फर्दापूरला एकटेच राहायचे. शेत वाट्यानं दिलेलं होतं आणि दुकान हाच त्यांचा सगळा संसार होता. आम्ही कितीदा म्हणालो, इकडं या. ते म्हणायचे, "तिथं येऊन मी कुणाशी बोलू? इथं रोज नवी दुनिया दारात उतरती."

आणि ते खरंच होतं. चौथीनंतर शाळा न बघितलेला हा माणूस जपानी पाहुण्यांना वाकून त्यांच्या भाषेत नमस्कार करायचा, कोरियन बाईला "सावकाश चढा, पायऱ्या लई हायेत" हे तिच्या भाषेत सांगायचा. शब्द मोजकेच, पण ऐकणारा हमखास थबकायचा.

मग महामारी आली आणि लेणी बंद झाली. फर्दापूरच्या रस्त्यावर कुत्रीसुद्धा दिसेनात. नवरा जाऊन मामांना घेऊन आला. सोबत कपड्यांची एक पिशवी आणि दगडांनी भरलेला अख्खा रिक्षा-टेम्पो. खोलीच्या गॅलरीत, पलंगाखाली, स्वयंपाकाच्या ओट्याखाली दगडच दगड. मामा दिवसभर गॅलरीत बसून खाली बघत राहायचे. बोलणं जवळजवळ बंद झालं. एका माणसाचा आवाज असा कमी कमी होत गेलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

माझा क्लासही बंदच होता. मी म्हणाले, "मामा, आपण हे फोनवर विकू."

"फोनवर दगड? दगड हातात घेतल्याबिगर कोण घेतंय?"

"बघू तर."

तेव्हा बचत गटाच्या बायकांसाठी एक फुकट ऑनलाइन वर्ग चालू होता. लहान धंद्याची जाहिरात फोनवर कशी करायची, हे एक तरुण बाई शिकवायच्या. मी इमानेइतबारे सगळं टिपून घेतलं आणि तसंच केलं. नकाशावर दुकानाची खूण लावली. मेसेजच्या ॲपवर मालाचे फोटो, वजन, किंमत अशी मांडणी केली. फोटोच्या ॲपवर खातं उघडलं. बाईंनी सांगितलेलं, सुरुवातीलाच बघणाऱ्याला धरा, नाहीतर तो अंगठा सरकवून पुढं जातो. म्हणून मी प्रत्येक व्हिडिओला धडाकेबाज गाणं लावलं, दगडांवर चमचमणारे तारे सोडले, कोपऱ्यात लाल अक्षरांत 'खास सवलत' फिरवली. थोडे पैसे भरून जाहिरातही चालवून बघितली.

मेसेज आले, पण कसले! एकानं विचारलं, हा दगड मुतखड्यावर चालतो का. एका बाईंना लग्न जमवणारा हवा होता. एका गृहस्थांनी सांगितलं, दगडाखाली "आजार दूर करतो, घरात भरभराट आणतो" असं लिहा, मग बघा कसा खपतो. मला ते पटायला लागलं होतं. इतर खात्यांवर तसंच लिहिलेलं होतं आणि त्यांचा माल जातही होता. मी मामांना वाचून दाखवलं.

ते बऱ्याच दिवसांनी हसले. "दगडानं दुखणं जात असतं तर माझे गुडघे कशाला दुखले असते? आयुष्यभर त्यांच्यातच बसलोय की मी." मग गंभीर होऊन म्हणाले, "तसलं काय लिहू नको, पोरी. दगड हाय तो दगड हाय. तेवढं बास हाय."

तेवढं बास कसं होतं, ते मला नंतर कळलं.

एका दुपारी मामा गॅलरीत एक गोळा फोडत होते. विकायला नव्हे, बसून बसून कंटाळा आला म्हणून. मी भाजी निवडत होते, सहज फोन उचलला आणि मागून चित्रण सुरू केलं. त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी गोळा मांडीवरच्या पोत्यावर ठेवला, बोटानं चाचपला, हातोडीनं हलकेच ठोकत फिरवला आणि प्रत्येक ठोक्याला कान देऊन ऐकलं. मग छिन्नी ठेवली. स्वतःशीच पुटपुटले, "उघड रं बाबा. आता उघड." एक ठोका. गोळ्याचे दोन भाग झाले, आणि आत हिरवट स्फटिकांचं एक रान उन्हात लखकन उजळलं. मामा दोन्ही अर्धे हातात धरून बघत बसले. खालून भाजीवाल्याची हाळी तेवढी ऐकू येत होती.

मी तो व्हिडिओ तसाच टाकला. ना गाणं, ना तारे, ना सवलत. खाली फक्त लिहिलं, माझे सासरे दगड फोडताना.

संध्याकाळी कणीक मळताना फोन सारखा थरथरायला लागला. आधी वाटलं बिघडला. हात पुसून बघितलं तर बघणाऱ्यांचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर वाढत होता. मी वाचायच्या आत तो बदललेला असायचा. खाली प्रतिक्रिया येत होत्या. मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि कितीतरी अशा लिप्यांत ज्या मला कुठल्या तेही कळेना. भाषांतराचं बटण दाबलं की एकेक उलगडायची. कुणी लिहिलं होतं, 'मी रुग्णालयात आहे, हे दहादा बघितलं.' कुणी लिहिलं होतं, 'म्हातारबाबा दगडाला काय म्हणाले ते सांगा.' मी सांगितलं. मग लोक आपापल्या भाषेत "उघड रं बाबा" लिहायला लागले.  कणीक तशीच टाकून मी मामांपुढं फोन धरला.

"हे सगळे कोण?" त्यांनी विचारलं.

"तुमचा दगड बघणारे."

"इतके?" त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

पुढच्या आठवड्यात आम्ही थेट प्रक्षेपण करायचं ठरवलं. मामांनी पांढरा सदरा घातला, टोपी नीट केली. फोन मी डब्यांच्या चळतीला टेकवून उभा केला.

"माणसं कुठं बसलीत?"

"आपापल्या घरी, मामा."

"मग मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

"ह्या काचेच्या ठिपक्याकडं."

त्यांनी ठिपक्याला हात जोडले, मग जपानीत, मग कोरियनमध्ये, मग फ्रेंचमध्ये राम राम केला. आणि ते थांबले, समोरचा उत्तर देईल म्हणून. उत्तरं आलीही, पडद्यावर खालून वर अक्षरं धावत सुटली. मी मोठ्यानं वाचत होते आणि मामांचा चेहरा खुलत होता. फर्दापूरचा तो जुना माणूस कितीतरी महिन्यांनी परत आमच्या खोलीत बसला होता.

मग त्यांनी सगळ्यांत मोठा गोळा घेतला. ठोकून ऐकला. छिन्नी लावली. फोडला. आत काहीच नव्हतं. आरपार भरीव, राखाडी, मुकाट दगड.

 एवढे लोक बघत होते. माझं बोट फोन बंद करायला पुढं गेलं. मामांनी मात्र तो तुकडा सरळ ठिपक्यापुढं धरला. "भरीव निघाला," ते म्हणाले. "निघतो कधीकधी. वरून कळत नाय. मी इतकी वर्षं फोडतोय, मलाबी कळत नाय." आणि तुकडा शांतपणे खाली ठेवून म्हणाले, "आज एवढंच. या परत."

मी कपाळाला हात लावून बसले. वर्गातल्या बाईंनी शिकवलेलं सगळं आम्ही उलटं केलं होतं. पण त्याच संध्याकाळी मागण्या यायला लागल्या. लोकांचं म्हणणं जवळपास एकच होतं, जो भरीव दगडही दाखवतो, त्याच्याकडून आम्ही डोळे झाकून घेऊ. एकानं तर तो भरीव तुकडाच मागितला. मामा म्हणाले, "त्याचे पैसे नाय घ्यायचे." तसाच पाठवला.

ह्या धंद्यात मी पुढं बरंच शिकले. फोटो सकाळच्या कोवळ्या उन्हात काढावा, दगडाशेजारी लिंबू ठेवावं म्हणजे आकार कळतो. चीर असेल तर आधी सांगावी. लोक शोधताना कुठले शब्द टाइप करतात ते बघून तेच शब्द लिहावेत. पण ह्या सगळ्याच्या मुळाशी तो भरीव दगड होता, हे मी कधी विसरले नाही.

एके दिवशी आसामातल्या एका शिक्षिकेचा मेसेज आला. चहाच्या मळ्यालगत तिची शाळा होती, आणि तिकडं शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. मुलांना थेट दाखवाल का? आम्ही लगेच होकार दिला. पडद्यावर बाकांवर दाटीवाटीनं बसलेली मुलं दिसली. मागच्या खिडकीतून हिरवागार उतार दिसत होता. मामांनी एक लहान गोळा फोडला. आतले पांढरे स्फटिक बघून वर्गभर एक लांबलचक "ओ" उमटला, आणि दोन हजार किलोमीटरवरून तो आमच्या गॅलरीत आला. एका मुलानं विचारलं, हे व्हायला किती काळ लागला. मामा म्हणाले, "मला नाय ठाऊक, बाळा. आपल्या सगळ्यांहून लई जुना हाय." मी ते हिंदीत सांगितलं, आणि शिक्षिकेनं मग ज्वालामुखीचं, थंड झालेल्या लाव्ह्यातल्या बुडबुड्यांचं, त्यांत झिरपलेल्या पाण्याचं समजावून सांगितलं. मी मामांना मराठीत सांगत होते. ते तोंड उघडं ठेवून ऐकत होते.

मग पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. शिक्षिकेनं तिचा प्रश्न हिंदीत सांगितला, "ती विचारतेय, बंद दगडात अंधार असतो ना? तिथं बघायला कुणीच नव्हतं. मग तो इतका सुंदर कुणासाठी झाला?"

 मला वाटलं मामांना हिंदी कळली नसेल, म्हणून मी मराठीत सांगायला वळले. पण उस्मानपुऱ्यात वाढलेल्या माझ्यापेक्षा त्यांची दखनी, म्हणजे आमच्याकडची बोली हिंदी, पक्की. त्यांनी हातातल्या दगडाकडं बघितलं, मग ठिपक्याकडं.

"बेटी," ते म्हणाले, "सारी उमर मैं पत्थर फोडा. ये बात मेरे दिल में कभी नहीं आई."

ती मुलगी लाजून खाली बसली. मामा त्या दिवशी जेवताना मध्येच थांबायचे आणि मान हलवायचे. "काय विचारलं पोरीनं!" एवढंच.

लेणी उघडल्यावर मामा फर्दापूरला परत गेले. मीच सोडायला गेले होते. नकाशावरची खूण शोधत लोक आता तिथं येतात. कुणी फोन पुढं करून विचारतं, हेच का ते आजोबा? मामा टोपी सरळ करतात. "व्हय, मीच तो." फोनवरचं दुकान मी गारखेड्यातून चालवते. दगड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळते, खोक्यावर पत्ता लिहिते. काही गावांची नावं वाचताना जीभ अडखळते, आणि मामांच्या हातचा दगड तिथं पोचणार ह्या विचारानं अजूनही नवल वाटतं.

मी स्वतः दगड कधी फोडला नव्हता. मामा म्हणायचे, शिकशील. गेल्या हिवाळ्यात त्यांचा हात दुखावला आणि त्यांचं ठरलेलं प्रक्षेपण चुकवायचं नव्हतं. मी गॅलरीत बसले. मांडीवर पोतं, हातात छिन्नी. फर्दापूरहून मामाही फोनवर बघत होते.  ठोकून ऐकलं, मला काहीच ऐकू आलं नाही. तरी छिन्नी लावली. पहिल्या ठोक्याला नुसता टवका उडाला. दुसऱ्याला गोळा सरकला. तिसऱ्याला तो हळूच, जणू स्वतःहून, दुभंगला.

आत सुयांसारखे बारीक, दुधाळ तंतू होते. कापसाचं बोंड नुकतं फुटावं तसे, मधल्या एका बिंदूपासून चहूकडं पसरलेले. मी श्वास सोडला तेव्हा वाटलं ते हलतील. ह्या जागेवर आजवर उजेड पडला नव्हता, आणि तो पहिल्यांदा पडताना बघणारे माझे डोळे होते. मी बघत राहिले. किती वेळ कुणास ठाऊक.

भानावर आले ती फोनच्या आवाजानं. दगड अजून माझ्याकडंच वळलेला होता. पडद्यावर अक्षरांची नुसती झुंबड उडाली होती, आणि त्यावरच मामांचा फोन येत होता. उचलला तर ते ओरडत होते, "अगं पोरी, आम्हालाबी दाखव की!"