देशाहून आलेली गाय

आधी क्षमा मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि मराठी वाचायला मोठेपणी एकट्यानंच शिकलो. कुंभकोणमची आमची बोली ऐकून पुण्याची माणसं हसतात. तेव्हा मी लिहावं का, याची मला अजून खात्री नाही. पण त्या गाईबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही.

ती राखाडी होती, कपाळावर पांढरा ठिपका. मार्गळी महिन्याच्या, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषाच्या, थंडीत पहाटे कावेरीवरून धुकं आलं की ती त्यात विरघळून जाई आणि नुसता ठिपका तरंगत राही. मराठ्यांच्या काळात आमचे पूर्वज इकडे आले, त्यांच्यामागून तिचा वंशही देशाहून चालत आला, असं अप्पा, म्हणजे माझे वडील, मानत. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, अशी आमची रीत. गोठा उंबऱ्याबाहेर होता, तरी गाईशी मराठीच.

तिच्याच वंशाचा एक वळू आम्ही राखला होता. नव्वदीच्या सुरुवातीला, मी बी.एस्सी.ला असताना, तो मेला. दुसरा वळू लावायला अप्पा तयार होईनात. गाय माजावर आली की हंबरत राही आणि ते तिच्या पाठीवरून हात फिरवत बसत. तिचं वय होत चाललं होतं. तिला वासरू झालं नाही, तर वंश तिथंच संपणार होता.

माट्टुपोंगलला, गुरांच्या सणाला, शिंगं रंगवताना शेजारचा शेतकरी म्हणाला, "काय राव, राणीसाठी नवरा बंबईहून मागवलात की काय? गाडी फार उशिरा येते हो!"

"हसा, हसा."

"तुमची वासरं लाल जन्मतात, मग राखाडी होतात. आमचीही तशीच. मग फरक कसला?"

"रक्ताचा," अप्पा म्हणाले.

त्याच सुमारास प्राणिशास्त्राचे सर वर्गात कोरियातल्या देशी गुरांबद्दल सांगत होते. काही तपकिरी, काही काळी, काही वाघासारखी पट्टेरी. सगळी एकाच भूमीतली. पण रक्तानं एकमेकांपासून किती दूर, हे तिकडे तपासतात म्हणे. मी खिडकीबाहेर पाहत होतो. केळीच्या बागेत ती पट्टेरी गुरं संथ चरताना मला दिसत होती. तास संपल्यावर भीत भीत विचारलं, "सर, आमच्या गाईचं तपासता येईल?"

अप्पांनी होकार दिला. "देशाची निघाली, तर मग कोणी मला शिकवायचं नाही."

"आणि नाही निघाली तर?"

ते गाईकडे वळले. "सुई टोचेल गो, हलूं नको."

तिचं आणि शेजाऱ्याच्या गाईंचं रक्त सरांनी ओळखीच्या पशुवैद्यांकडे पाठवलं. तपासणीत दोन्हींच्या रक्तातल्या प्रथिनांच्या पट्ट्या सारख्याच उमटल्या. "यावरून सगळा इतिहास कळत नाही," सर म्हणाले, "पण वेगळेपण काही दिसत नाही."

मी सायकल हातात धरून चालतच घरी आलो आणि सांगितलं.

"म्हणजे ही इथलीच?"

"तसंच दिसतं, अप्पा."

त्यांनी तिच्यापुढे पेंढा टाकला, हातानं सारखा केला. "मग माझी मराठी हिला इतकी वर्षं कशी कळली?"

पुढे मी एम.एस्सी.साठी मद्रासला गेलो. वळूचं काय ठरलं ते अप्पांनी सांगितलं नाही, मीही विचारायला धजलो नाही.

पुन्हा मार्गळी आली. एका सकाळी हॉस्टेलच्या फोनवर आईचा आवाज आला, "कालवड झाली रे. लाल. शेजाऱ्याच्या वळूची."

"अप्पा कुठं आहेत?"

"गोठ्यात. तिला मराठी शिकवताहेत."