विष्णुपुरीचा पाव्हणा

नांदेडजवळच्या विष्णुपुरीत सगळ्यात जास्त माणसं कोण ओळखत असेल, तर टांझानियाहून शिकायला आलेला माझा रूममेट, असं मी शपथेवर सांगायला तयार आहे. सरपंचाला न ओळखणारे लोक गावात निघतील. ह्याला न ओळखणारं विष्णुपुरीत फक्त धरण होतं, आणि त्याच्याकडेही तो रोज संध्याकाळी एक चक्कर टाकून यायचा. सगळे त्याला 'पाव्हणा' म्हणत. चार वर्षं राहिला तरी पाव्हणाच. पण त्याचं वागणं असं की आपणच त्याच्या गावाला चार दिवस आलोय आणि तो आपली सरबराई करतोय असं वाटावं.

आमच्या खोलीपासून इंजिनिअरिंग कॉलेज चालत दहा मिनिटांवर. एकटा गेलो तर. पाव्हण्याबरोबर गेलो तर पाऊण तास धरून चालावं लागे. वाटेत पंक्चरवाला, दळणाची गिरणी, झेरॉक्सवाली ताई, शेळ्या राखणारी एक म्हातारी, अशी त्याची ठरलेली ठाणी होती, आणि प्रत्येक ठाण्यावर थांबून आधी प्रकृतीची, मग घरच्यांची, मग शेळ्यांचीसुद्धा विचारपूस व्हायची. "आमच्याकडं नुसतं राम राम करून पुढं गेलं तर लोक म्हणतात, ह्याच्या घरी कुणीतरी मेलं असंल," असं त्याचं स्पष्टीकरण होतं. दुसऱ्या वर्षी मशीन डिझाइनचे सर एकदा मला म्हणाले, "तुम्ही दोघं उशिरा येता ते कळतं. पण गिरणीवाल्याच्या सुनेला मुलगी झाली हे मला वर्गात सांगायची काय गरज होती?" पाव्हणा उठून म्हणाला, "सर, पेढे आणलेत." आणि वर्गभर पेढे वाटले.

सुरुवात मात्र इतकी गोड नव्हती. तीन घरांनी त्याला खोली नाकारली होती, आणि एका ठिकाणी तर 'खोली भाड्यानं' ही पाटी त्याच्यासमोरच काढून घेतली. मला खोलीत कुणीतरी हवाच होता, म्हणून मी त्याला आमच्या घरमालकीण मावशींकडे घेऊन गेलो. मावशींनी त्याला नीट न्याहाळलं आणि मला विचारलं, "ह्यांना आपलं तिखट झेपंल का?" मी ते इंग्रजीत सांगितल्यावर त्यानं पिशवीतून घरून आणलेली मिरचीच्या चटणीची बाटली काढली आणि अदबीनं मावशींपुढे धरली. मावशींनी बोटभर चाखली. मग उठून आत गेल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत. आतून नळ सोडल्याचा आवाज येत होता. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण नजरेत आदर होता. "ऱ्हाऊ द्या ह्यांना," म्हणाल्या.

मराठी तो कुठल्या पुस्तकातून शिकला नाही. शिकवणारे होते गिरणीवाला, मावशी आणि कोपऱ्यावरच्या टपरीचे चाचा. त्यामुळे तिघांचं मिळून जे काही होईल ते तो बोलायचा. शिवाय त्याला एक नाद होता. आपल्या आणि त्याच्या स्वाहिली भाषेत सारखा असलेला शब्द सापडला की तो वहीत टिपायचा, आणि वहीला त्यांच्याकडे 'दफ्तरी' म्हणतात हा त्यातला पहिला शब्द होता. गाडीला 'गारी', जगाला 'दुनिया', वखताला 'वकाती', तयारला तर 'तयारी'च. परीक्षेत पेपर सोडवता सोडवता त्याला 'सबब' सापडला होता, त्यांच्याकडचा 'सबाबू', आणि तो एवढ्या आनंदानं ओरडला की पर्यवेक्षकांनी त्याची झडती घेतली. 'चाय'वरून मात्र त्याचं आणि चाचांचं कायमचं वाजलं. "चाय तो हमारी है मियाँ, तुमारे उधर कब गई?" असं चाचा विचारत. हा म्हणे, "जहाजानं." "जहाज में कौन ले गया?" "ते विचारून सांगतो." मग खरोखरच घरी फोन करून आजोबांना विचारायचा.

लग्नांचं त्याला विलक्षण वेड. पत्रिका असो नसो, बँड ऐकू आला की हा निघाला. वरपक्षाला वाटे वधूकडचा आहे, वधूपक्षाला वाटे वराकडचा. आणि दोघंही एकमेकांवर छाप पडावी म्हणून त्याला पुढे बसवत. देगलूरकडच्या एका वऱ्हाडात त्याला फेटा बांधला, आहेर केला, वरातीत नाचवला. शेवटी नवरदेव घोड्यावरून मला म्हणाला, "भाऊ, तुमच्या मित्राला जरा बाजूला घ्या की. माझी वरात हाय ही." आजही नांदेड जिल्ह्यातल्या निदान वीस अनोळखी घरांच्या अल्बममध्ये तो नवरीच्या भावांमध्ये उभा असेल, सगळ्यांपेक्षा जास्त भावनावश होऊन.

मी त्या दिवसांत नेमका उलट्या उद्योगाला लागलो होतो. नोकरीच्या मुलाखतींसाठी मी आरशासमोर उभा राहून 'न्हाई'चं 'नाही' आणि 'लई'चं 'खूप' करत होतो. पाव्हणा खाटेवर पडून हे ऐकायचा. एके दिवशी काळजीनं म्हणाला, "भाऊ, तू कोणची भाषा बोलून राहिला? कुठल्या देशाची हाय?" मी चिडलो. चिडलो कारण त्याच वेळी तो माझ्या मागे लागला होता की मला तुझ्या गावाला ने, आणि मी टाळत होतो. आमचं गाव लातूरकडे, रेणापूरजवळ, वर पत्रे असलेलं घर, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, दिवसाला चार शब्द बोलणारे. ह्या बोलघेवड्याला तिथं नेऊन करायचं काय, हा प्रश्न होता. आणि मला घराची थोडी लाज वाटत होती, हेही आता कबूल करायला हरकत नाही.

शेवटच्या वर्षी डिसेंबरात तो माझ्याआधीच एसटीत जाऊन बसला, तेव्हा नाइलाज झाला.

अण्णांनी त्याला पाहिलं, मान हलवली आणि रान दाखवायला घेऊन गेले. तूर शेंगांनी लगडली होती. पाव्हण्यानं एक शेंग तोडली, सोलली, दाणा तोंडात टाकला आणि गप्प झाला. चार वर्षांत मी त्याला पहिल्यांदाच गप्प पाहत होतो. तो बांधावर बसला. म्हणाला, "अण्णा, हे आमच्या घरचं हाय. आमच्याकडं ह्याला 'म्बाझी' म्हणतात. माझी माय हेच पेरती." मग हळूहळू सांगू लागला. त्यांच्या भागात सगळे तूर पिकवतात, व्यापारी येऊन पोती भरून नेतो, ती जहाजात चढते आणि भारतात जाते. घरात थोडी नारळाच्या दुधात शिजवून खातात, अख्खीच. डाळ कुणी केलेलीच नाही. "मी लहान होतो तवा मला वाटायचं, भारतात एक लई मोठा मानूस असंल. आमची सगळी तूर तो एकटाच खात असंल."

अण्णांनीही एक शेंग सोलून दाणा तोंडात टाकला. मग म्हणाले, "त्यो मीच हाय."

दोघंही हसत सुटले, आणि हसणं थांबेपर्यंत माझी ती घराची लाज कुठं गेली मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा त्याला लातूरला डाळमिल दाखवायला घेऊन गेले. पिवळ्याधमक डाळीच्या ढिगासमोर तो असा उभा राहिला की मिलवाल्यानं त्याला खुर्ची आणून दिली. परतताना एसटीत एवढंच बोलला, "चाळीस वर्षं पिकवून राहिली माय. तिनं हे बघितलं न्हाई."

परत आल्यावर त्यानं शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट बदलला. वीज लागणार नाही, एका बाईला चालवता येईल असं, सायकलसारखे पॅडल मारून डाळ भरडायचं यंत्र. सरांनी समजावलं, वेळ थोडा आहे. कोर्स संपला की व्हिसा संपणार होता. प्रोजेक्ट फसला तर पदवी न घेता घरी जावं लागलं असतं. पाव्हणा ऐकेना. यंत्र उभं राहिलं, पण डाळ होईना. नुसता चुरा. मावशींनी त्या चुऱ्याचं तीन आठवडे आम्हाला पिठलं खाऊ घातलं. परीक्षेला पाच दिवस राहिले तेव्हा त्यानं मला न सांगता अण्णांना फोन केला.

परीक्षेच्या सकाळी अण्णा तुरीची पिशवी खांद्यावर घेऊन कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये हजर. तुरीला तेल लावून, पाणी शिंपडून त्यांनी ती चार दिवस पत्र्यावर उन्हात वाळवली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलं, "हे कोण?"

"माझे अण्णा हायेत सर," पाव्हणा म्हणाला.

परीक्षकांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, मग माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि हा?"

"हा अण्णांचा मुलगा."

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि खोडलं. पाव्हणा यंत्रावर बसला आणि पॅडल मारू लागला. तूर घरंगळत आत गेली. परीक्षकांनी इंग्रजीत विचारलं, दाण्यातला ओलावा किती हे कसं ठरवलं? पाव्हण्याला धाप लागली होती, आणि धाप लागली की त्याचं इंग्रजी सगळ्यात आधी पळून जाई. "सर, आधी चुरा होऊन राहिला होता. ओल होती न्हाई का आत. आता दाताखाली कट्ट वाजली पायजे." परीक्षक काही बोलायच्या आत अण्णांनी एक दाणा चावला, कट्ट आवाज आला, आणि खालच्या सुपात पिवळी डाळ पडायला लागली. दुभंगलेली, साफ, अख्ख्या पाकळ्यांची. परीक्षकांनी मूठभर हातात घेतली, कोट काढला आणि म्हणाले, "उतरा, मला पॅडल मारून बघू द्या."

पदवी मिळाली. यंत्राचे सुटे भाग सामानात बांधून तो गेला. निघाला त्या दिवशी त्याला निरोप द्यायला नांदेड स्टेशनवर एवढे लोक जमले की रेल्वे पोलीस विचारायला आला, कुठल्या पक्षाचे आहेत.

आता मी पुण्यात नोकरीला आहे. तो त्यांच्या गावी बायांच्या गटाबरोबर डाळ करतो. त्याची आई वरण खाते, पण त्यात नारळाचं दूध घालते म्हणे. महिन्यातून एकदा त्याचा फोन येतो. अलीकडे बोलताना तो मध्येच थांबतो. शब्द शोधतो, सापडत नाही, मग त्याच्या भाषेतला घालतो आणि ओशाळून हसतो. परवा रविवारी असाच अडला आणि म्हणाला, "भाऊ, माझी मराठी जाऊन राहिली. इथं बोलायला कुणीच न्हाई."

मी टीव्हीचा आवाज बंद केला.

"तू बोल ना," तो म्हणाला. "कायबी बोल. अण्णा काय करून राहिले ते सांग."

मी सांगायला लागलो. अण्णांनी यंदा सोयाबीन कमी केलं, गोठ्याला नवीन दावण बांधली, गुडघा लई दुखून राहिला तरी दवाखान्यात जायाला तयार न्हाईत. मी भराभर सांगत होतो, माझ्या घरातल्या भाषेत, आणि पलीकडे तो एक शब्द न बोलता ऐकत होता.